छप्पर बदलू नका

जुन्या कारखान्यात कुंचल्याच्या चिनी सुलेखनासाठी जागा कशी करावी, या चर्चेत "जुनं करवती छप्पर काढून सपाट स्लॅब टाका, मग एलईडी लावले की काम झालं" असा सल्ला वाचला. करवती छप्पर म्हणजे करवतीच्या दातांसारखं, तिरक्या खिडक्यांचं. बाकीचे मुद्दे पटले, हा अजिबात नाही. बीजिंगच्या ७९८ कला परिसराचंच बघा. पूर्व जर्मनीच्या मदतीने १९५०च्या दशकात उभारलेला इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तो. छपराच्या तिरक्या खिडक्या मुद्दाम उत्तरेकडे ठेवलेल्या. थेट ऊन आत येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. सुलेखनाला याहून काय हवं? दिव्याखाली बसलं की लिहिणाऱ्याच्या हाताची सावली नेमकी कुंचल्याच्या टोकावर पडते. शिवाय तिथल्या कमानींवरच्या माओकाळातल्या लाल घोषणाही पुसलेल्या नाहीत. अक्षरांसाठीच जागा करायची, तर भिंतीवरची जुनी अक्षरं चुन्याखाली का घालवायची?

इथे कुणी काढला नाही तो मुद्दा ओलाव्याचा. सुलेखनाचा कच्चा 'शुआन' कागद (पारंपरिक चिनी हातकागद) शाई झटकन पितो. हवा दमट असली की रेघ आणखी फुटते, आणि गठ्ठ्याला बुरशी लागते ती वेगळीच. तेव्हा कागद भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर. कुंचले धुवायची मोरी दाराजवळ घ्या. आणि अंगणात फरशी गुळगुळीत ठेवा. चीनमधल्या बागांत ज्येष्ठ मंडळी लांब दांड्याच्या स्पंजी कुंचल्याने नुसत्या पाण्याने जमिनीवर लिहितात, त्याला 'दीशू' म्हणतात. कागद नाही, शाई नाही. आत यायला बिचकणारी माणसं आधी तिथेच थांबतील.