शाळेत आरोग्याचा तास होतो पण फरक काहीच पडत नाही, सुरुवात नेमकी कुठून करू?

सहावीच्या_बाई

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका झेडपी शाळेत आहे, पहिली ते आठवी, पट दीडशेच्या आसपास. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, लेकरं मागे आजी-आजोबांकडे राहतात. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर शाळेतून दोन आरोग्य दूत नेमतात ना, आमच्याकडे त्यातली एक मी. विषय अकरा आहेत, पोषण, स्वच्छता, भावना, व्यसन, इंटरनेट सगळं आहे त्यात आणि आठवड्याला एक तास घ्यायचा असतो. तो मी मनापासून घेते आणि पोरांना आवडतोही.

पण तास संपला की पुढं काय? हात धुवायच्या सगळ्या पायऱ्या पोरं तोंडपाठ करून दाखवतात आणि जेवणाच्या सुट्टीत दीडशे लेकरांना नळ एकच, साबण नाही, मग ताटात पाणी हलवून तसंच जेवायला बसतात. मुलींच्या पाण्याच्या बाटल्या बघितल्या तर संध्याकाळी भरलेल्याच घरी जातात. एकीला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, पाणी पिलं की जावं लागतं." आणि जायचं कुठं, संडासाला कुलूप, किल्ली ऑफिसात खिळ्याला, मागायची ती हेडसरांकडे आणि आत पाणी नाही. तेरा वर्षांची मुलगी ती किल्ली मागायला जाईल का हो?

सोमवारी लोहाची निळी गोळी देतो, रजिस्टरला शंभर टक्के. मागच्या लिंबाच्या झाडाखाली मातीत निळ्या गोळ्या पडलेल्या सापडतात. व्यसनमुक्तीची शपथ घेतो आणि आमच्याच एका सहकाऱ्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, आठवीच्या पोरांना ती दिसते. परिपाठाला उन्हात उभं राहून दर आठ-पंधरा दिवसांनी एखादं लेकरू खाली बसतंच, सकाळी पोटात काही नसतं. बैठकीत हे काढलं की उत्तर एकच, "आरोग्य तुमच्याकडे आहे ना बाई, तुम्ही बघा."

ट्रेनिंगला सांगतात अख्ख्या शाळेनं मिळून करायचंय, गाव-पालक सगळे आले पाहिजेत. मान्य आहे. पण जास्तीचा पैसा नाही, वरनं दबाव नाही, अशा ठिकाणी पहिलं पाऊल कोणतं टाकू? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज, फक्त फोटोपुरतं नको.

---

परसबागवाले_गुरुजी

बाई, तुम्ही सगळं बरोबर बघितलंय, आता क्रम लावा. माझ्या मते पहिली गोष्ट किल्ली. बाकी सगळं नंतर. मी सातारा भागात, शाळा छोटी, पण अडचण हीच होती. मुलींच्या संडासाचं बाहेरचं कुलूप काढलं, आतून घट्ट बसणारी कडी लावली, दोनशे लिटरचा ड्रम नि पाणी घ्यायचा मग ठेवला, पाणी भरायची जबाबदारी ठरवून दिली. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान येतं त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असतात, तुमच्या पटाला मंजूर आकडा ५० हजारांच्या स्लॅबमध्ये येतो, हातात किती पडतं ते वेगळं, पण कडी नि ड्रमाला तेवढं पुरतं. हेडसरांना "आरोग्य" म्हणून सांगू नका, "सर, स्वच्छतेचे १० टक्के कशावर दाखवायचे" असं विचारा, ते लगेच ऐकतील कारण तो प्रश्न त्यांचाही आहे.

मग पाण्याची घंटा. केरळमध्ये २०१९ ला शाळांनी सुरू केली, दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा होते आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं, शिक्षकांनी पण. पण संडास उघडल्याशिवाय ही घंटा लावू नका हं, नाहीतर मुलींवर अन्याय होतो, पाणी प्यायला लावायचं आणि जायला जागा नाही.

हात धुणं वेळापत्रकात घाला. जेवणाच्या सुट्टीत ते होत नाही कारण भूक लागलेली असते आणि ताट घ्यायची घाई असते. आम्ही सुट्टी दहा मिनिटं आधी काढली, वर्गावर्गानं सोडतो, ज्या शिक्षकाचा तास असेल तो पोरांबरोबर हात धुतो. नळ एक असेल तर पाइपला भोकं पाडून चार-पाच धारा करता येतात, गावातला प्लंबर तासाभरात करून देतो. साबण कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधायचा, मग तो ना मातीत पडतो ना कुणी घरी नेतो.

अजून एक, याला कुणी महत्त्व देत नाही. स्वयंपाकी ताईंना बैठकीत बसवा. कोण दुसऱ्यांदा भात मागतं, कोण दोन घास खाऊन उठतं, कुणाच्या दातात दुखतंय, हे त्यांना आपल्या आधी कळतं. आमच्याकडे एक पोरगा उसळ आली की जेवायचाच नाही, ताई म्हणाल्या त्याची दाढ किडलीय गुरुजी, चावता येत नाही. आम्ही महिनाभर त्याला नखरेल समजत होतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी नि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० नि २० ग्रॅम ठरलेत, पण ते पोटात जातात का हे त्या बाईंनाच माहीत असतं. परसबागेत शेवगा लावा, कोरडवाहूत पण तगतो, पाला आमटीत घालायचा.

---

गाडीवरचा_डॉक्टर

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात काम करतो, ती पांढरी गाडी घेऊन शाळेत येतो ते आम्ही. गोळीचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे आणि चुकतंय सगळीकडे.

पहिली ते पाचवीला गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅम लोह, सहावीपासून पुढे निळी, ६० मिलिग्रॅम. बऱ्याच शाळांत ती सकाळी परिपाठाला देतात. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, एखादं ओकतं, दुसऱ्या दिवशी शौच काळी होते आणि आजी म्हणते ती गोळी खाऊ नको. मग ती गालात धरून झाडाखालीच जाणार. जेवणानंतर द्या, पोटभर जेवल्यावर, तुमच्यासमोर पाण्याबरोबर. काळी शौच होणार हे पोरांना आणि घरी दोन्हीकडे आधीच सांगा, घाबरायचं कारण नाही. गोळीच्या आगेमागे चहा नको, लिंबू-आवळा चालेल, त्यानं लोह जास्त लागू होतं. आजारी लेकराला त्या दिवशी देऊ नका आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचं कुणी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. एका शाळेत मॅडम स्वतः पोरांसमोर गोळी घेतात, तिथं झाडाखाली काही सापडत नाही. आणि जंताच्या गोळीचा राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारी नि १० ऑगस्टला असतो तो चुकवू नका, जंत असतील तर लोह घालून उपयोग काय.

आता आमच्याबद्दल. आम्ही शाळेत वर्षातून एकदा येतो. तपासतो, चिठ्ठी लिहितो, जातो. त्या चिठ्ठीचं पुढं काय होतं ते शाळेच्या हातात असतं. तुमच्या भागात आईबाप साखर कारखान्यावर असतात, आजीला ग्रामीण रुग्णालयाची एसटी कुठली ते माहीत नसतं, चिठ्ठी दप्तरात कुजते. तेव्हा अशी नावं एका वहीत काढा, आशाताईला दाखवा, दोन-तीन लेकरं मिळून एकाच दिवशी पाठवा. शक्यतो दसऱ्याच्या आधी, आईबाप गावात असताना. हृदयाच्या छिद्रापासून फाटलेल्या ओठापर्यंत ऑपरेशन या कार्यक्रमात मोफत होतं, पण सही करायला पालक लागतो.

चष्म्याचं बोलतो. आम्ही नंबर काढतो, चष्मा मिळतो, पुढच्या वर्षी आलो की तेच पोर पुन्हा डोळे बारीक करून फळ्याकडे बघतंय. विचारलं तर चष्मा घरी ट्रंकेत, कारण सगळे "ढापण्या" म्हणतात. यावर माझ्याकडे औषध नाही, ते काम वर्गाचं आहे. चष्मा मिळालेल्या पोराला शिक्षकानं सगळ्यांसमोर फळ्यावरचं वाचायला लावलं, चांगलं वाचलंस म्हटलं, एवढ्यानं सुद्धा फरक पडलेला मी बघितलाय.

तुमच्या सहकाऱ्यांना बैठकीत बोलू नका, ते अडून बसतील. एकटं गाठून बोला. तंबाखू सोडायची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, त्यांना द्या. सवय आहे ती, वाईट माणूस नाही तो.

---

माजी_सरपंच_

बाई पैसा नाही असं म्हणू नका, पैसा ग्रामपंचायतीकडं असतो, शाळा मागत नाही एवढंच. मी पाच वर्षं सरपंच होतो. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के बंधित निधी असायचा, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, दुसरीकडं वळवता येत नव्हता. हँडवॉश स्टेशन, टाकी, संडास दुरुस्ती सगळं त्यात बसायचं. आत्ता कोणता निधी शिल्लक आहे नि पुढचा कसा आहे ते ग्रामसेवकाला विचारून घ्या. पण "आमचा गाव आमचा विकास" आराखड्यात ते काम आधी लिहिलेलं पाहिजे, आराखड्यात नाही तर बिल निघत नाही. त्यामुळं ग्रामसभेला जा, एकट्या जाऊ नका, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया घेऊन जा. आया उभ्या राहून संडासाला पाणी मागायला लागल्या ना की सरपंच नाही म्हणू शकत नाही, मी स्वतः अनुभवलंय, तोंड वर करता येत नाही.

आणि ठराव करून घ्या टपरीचा. शाळेपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू-सिगारेट विकता येत नाही, २००३ चा कायदा आहे. गेटपासून ५० मीटरात ते चटकदार पाकिटं नि कोल्ड्रिंक विकायला पण अन्नसुरक्षावाल्यांची बंदी आहे, २०२० चे नियम. टपरीवाला गावचाच असतो, पोट त्याचं पण आहे, त्याला म्हणा शेंगदाणा चिक्की, फुटाणे, पेरू ठेव, आम्ही पोरांना तेच घ्यायला सांगतो. आमच्याकडं दोघांनी ऐकलं, एकानं जागा बदलली.

---

ऊसतोडीची_लेक

मॅडम, मी स्वतः अशीच मागे राहिलेली पोर आहे. आता एका आश्रमशाळेत नोकरी करते. सगळ्यांनी संडास-पाणी-गोळ्या सांगितलं ते बरोबरच आहे, मला वेगळं सांगायचंय.

आईबाप गेले की पहिले पंधरा दिवस लेकरू वर्गात असून नसल्यासारखं असतं. पोटात दुखतं म्हणतं, डोकं दुखतं म्हणतं. शिक्षकांना वाटतं नाटक करतंय. नसतं हो नाटक, खरंच दुखतं. मोठ्या मुलींवर तर धाकटी भावंडं, भाकरी, पाणी सगळं येतं, रात्री झोप होत नाही आणि सातवी-आठवीतल्या मुलीची पाळी चालू झाली तर सांगायचं कुणाला, आजीला नीट दिसत पण नाही. त्या मुलीसाठी शाळेत एक कपाट ठेवा, त्यात पॅड, एक जुना स्वच्छ ड्रेस, आणि कपाटाची किल्ली मुलींकडेच. वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा.

आणि फोन लावून द्या. शनिवारी आनंददायी शनिवार असतोच, त्यातला अर्धा तास घ्या, शिक्षकांच्या मोबाइलवरनं लेकरांना आईशी बोलू द्या, जमलं तर व्हिडिओ कॉल. आई उसाच्या फडात असते, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पण लागतो. आमच्याकडे एका शाळेत सरांनी हे केलं, प्रत्येक शिक्षकानं आपापल्या वर्गाची पोरं वाटून घेतली आणि गंमत म्हणजे आरोग्याच्या नावानं अंग काढून घेणारे शिक्षक सुद्धा फोन लावायला पुढे आले, कारण त्यांच्या डोळ्यासमोर ते लेकरू आईशी बोलताना रडत होतं. तुम्हाला सगळा स्टाफ सोबत पाहिजे ना, इथून सुरुवात करून बघा.

एखादं पोर फारच गप्प झालं, जेवेना, तर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर तुम्ही स्वतः फोन करून विचारा, मराठीत बोलतात. आणि घरात मारहाण, लग्न लावायचा घाट, असं काही कानावर आलं तर मुलांची हेल्पलाइन १०९८. या भागात लवकर लग्नाचा धोका खरा आहे, आईबाप गेले की मुलीच्या काळजीनंच लावतात. मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्याकडेही असेल कागदावर, त्यातल्या बायकांना एकदा खरंच बोलवा.

---

सहावीच्या_बाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. किल्लीचं आज बोलले, १० टक्क्यांवरूनच सुरुवात केली, हेडसर म्हणाले उद्या कडी आणा. गोळी जेवणानंतर हे तर सोमवारपासूनच. फोनचं वाचून आमच्या दोन सरांना दाखवलं, ते तयार आहेत, वर्ग वाटून घेतलेत.

फक्त सकाळच्या भुकेचं काय करू ते राहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत लेकरं टिकत नाहीत.

---

परसबागवाले_गुरुजी

परिपाठ आधी उन्हातनं काढा आणि बसून घ्या, राष्ट्रगीतापुरतं तेवढं उभं राहायचं. जेवण अर्धा-पाऊण तास अलीकडे आणता येतं, स्वयंपाकी ताईंशी बोलून बघा. सकाळच्यासाठी तिथी भोजन वापरा, पोषण आहाराच्या योजनेत सोय आहे. वाढदिवस, बारसं, निवृत्ती काही असलं की लोक शाळेत जेवण देतात, त्यांना म्हणायचं एकच मोठी पंगत नको, त्या पैशात महिनाभराचे शेंगदाणे नि गूळ द्या. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, सकाळी आल्या आल्या. दिवाळी ते मार्च एवढं निभावलं तरी तुमचे सगळ्यात अवघड महिने निघतात. शेंगदाणे मात्र बघून घ्या, बुरशीचे, कडवट असले तर परत करा. आणि कुणाला शेंगदाण्यानं अंगावर उठत असेल तर त्याला फुटाणे.