प्रतिसाद : एसटीसी-१००० कूलरला जोडताना

एसटीसी-१००० हा तापमान बघून कूलर चालू-बंद करणारा कंट्रोलर. तो जोडल्यावर डिस्प्ले लागतो, रिलेचा (आतल्या स्विचचा) टक् आवाज येतो, तरी कूलर फिरत नाही, असं एकाने विचारलंय. कंट्रोलर बिघडलेला नसावा. त्याच्या मागच्या टर्मिनलांपैकी ७ आणि ८ हे नुसते स्विचसारखे संपर्क आहेत, त्यातून वीज आपोआप बाहेर येत नाही. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा. १ वर फेज, २ वर न्यूट्रल आहेच. आता १ वरून ७ ला १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा तुकडा जोडा. ८ वरून मोटर आणि पंपाची फेज घ्या. न्यूट्रल थेट. अर्थिंग कूलरच्या पत्र्याला हवंच, कारण पाणी आणि पत्रा एकत्र आहेत! ५-६ हीटरचे, ते मोकळे ठेवा.

सेन्सर कूलरच्या झोतात लावू नका, लगेच गार होऊन तो कूलर बंद करतो. समोरच्या भिंतीवर, उन्हापासून दूर, छातीच्या उंचीवर बसवा.

आणि सोलापूरच्या मे महिन्यात २५ अंश लावलंत तर कूलर थांबणारच नाही. एफ१ (हवं ते तापमान) ३० आणि एफ२ (बंद झाल्यावर किती अंश वाढलं की पुन्हा चालू व्हायचं, तो फरक) २ ठेवा.