क्रम उलटा करावा, असे सुचवतो

सुट्टीत मुलांना चित्रप्रदर्शन आणि मैदान दोन्ही दाखवावे, आणि त्यातही सकाळी प्रदर्शन व दुपारी मैदान असा क्रम ठेवावा, असे मत मांडले गेले आहे. दोन्ही दाखवावे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र हा क्रम बेळगावच्या एप्रिल-मेमध्ये उलटाच करावा. सकाळी टिळकवाडीतील लेले मैदानावर सामना पाहावा आणि ऊन चढल्यावर त्याच भागातील वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात, प्रदर्शन असल्याची चौकशी करून, जावे. ज्या कलाशिक्षकांचे नाव या दालनाला आहे, त्यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार याच गावात घडला, हे मुलांना तेथे उभे करून सांगितले, तर चित्रकला ही मुंबई-पुण्याची मक्तेदारी नाही हे त्यांना आपोआप कळते. खेळाबाबतही तसेच आहे: १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघातील बंडू पाटील बेळगावचेच होते, आणि तरीही आपल्या कित्येक मुलांना त्यांचे नाव ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या असतील, तर त्या अवश्य दाखवाव्यात. फक्त वळिवाचा भरवसा नसल्याने छत्री सोबत ठेवावी.