थंडीत टाचांच्या भेगा: व्हॅसलीन लावूनही का भरत नाहीत?

प्रश्न: रोज रात्री टाचांना व्हॅसलीन चोपडूनही भेगांच्या कडा टणकच राहतात. काय चुकतंय?

उत्तर १: व्हॅसलीन ओलावा देत नाही, असलेला अडवून धरतं. कोरड्याठाक टाचेवर थापलं तर अडवायला काही नसतंच. आधी पाय कोमट पाण्यात 10 मिनिटं बुडवा. कढत नको, त्याने त्वचेतलं तेल निघून जातं. टाच पांढरट, मऊ झाली की प्युमिस दगड (टाचा घासायचा खरखरीत, सच्छिद्र दगड) हलक्या हाताने फिरवा, आठवड्यातून दोनदाच. जोर लावून रोज घासलं की कातडी उलट जाड होते. पाय टिपा आणि दमट असतानाच 20 ते 25 टक्के युरियाचं (जाड कातडी मऊ करणारं) क्रीम लावा, वर व्हॅसलीनचा पातळ थर, मग सुती मोजे.

उत्तर २: अगदी बरोबर. फक्त भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतं. ती मिटेपर्यंत नुसतं व्हॅसलीन. आणि कृपा करून कडा ब्लेडने कापू नका!

उत्तर ३: मधुमेह असेल तर भिजवणं-घासणं दोन्ही टाळा, थेट डॉक्टरांना दाखवा. बोटांच्या बेचक्यांत क्रीम नको, तिथे ओल राहून बुरशी धरते.