कोल्डप्ले, नेरुळ : गाणी मान्य, कार्यक्रमाचं काय?

मध्यसप्तक

ब्रिटिश रॉक बँड कोल्डप्लेचे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे तीन कार्यक्रम (१८, १९ आणि २१ जानेवारी २०२५) आणि पाठोपाठ अहमदाबादचे दोन. यांचा विषय निघाला की दोनच सूर लागतात: एक तर ‘जन्माचं सार्थक’, नाहीतर ‘नुसती रोषणाई’. ‘पॅराशूट्स’ (२०००) आणि ‘अ रश ऑफ ब्लड टु द हेड’ (२००२) पाठ असलेल्या माणसाची पंचाईत अशी की दोन्ही बाजू थोड्याथोड्या पटतात.

आधी जमलेलं सांगतो. मनगटातले पट्टे. आत एक रिसीव्हर, बटनसेल आणि एलईडी, बस. रंग कुठला आणि कधी हे ठरतं मिक्सिंगच्या (आवाज जुळवणाऱ्यांच्या) मांडवाशेजारून. ‘यलो’ला अख्खं स्टेडियम पिवळं होतं तेव्हा वरच्या मजल्यावर २,५०० रुपयांत बसलेला आणि ३५,००० च्या लाउंजमधला, दोघंही देखाव्याचा सारखाच भाग असतात. स्टेजवरचा माणूस जिथून करंगळीएवढाही दिसत नाही तिथल्या प्रेक्षकाला एवढा मान दुसरं कुणी देत नाही.

आता खटकलेलं. सगळं टाइमकोडला बांधलेलं आहे. पट्टे, पडदे, लेझर, कागदी तुकड्यांचा पाऊस, एकाच घड्याळावर. ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ अर्ध्यात थांबवून गायक ख्रिस मार्टिन फोन खिशात ठेवायची विनंती करतो. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. मग २६ तारखेचं अहमदाबादचं थेट प्रक्षेपण पाहावं, तर तेच गाणं, तीच विनंती. या दौऱ्यात शहरोशहरी हे असंच चाललं. उत्स्फूर्ततेचीही तालीम होते म्हणायची!

आणि मैदानाच्या मागच्या टोकाला जो छोटा मंच असतो, तिथे चौघं एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि मोजकी वाद्यं वाजवतात. ‘स्पार्क्स’सारखं जुनं गाणं या दौऱ्यात बहुतेक वेळा तिथेच आलं. दोन तासांतली ती दहा-पंधरा मिनिटं सर्वांत चांगली आणि तीच सर्वांत कमी. बँडला हे कळत नसेल?

क्लिकचा_गुलाम

असहमत. टाइमकोडला नावं ठेवण्याआधी जरा गणित करू.

२५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. ‘क्लॉक्स’ची लय मिनिटाला १३१ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.४६ सेकंदांचं अंतर. स्टेजपासून ८० मीटरवरच्या माणसाला ठोका ०.२३ सेकंद उशिरा पोचतो. तो अगदी समेवर टाळी देतो, आणि ती टाळी स्टेजवर परत यायला आणखी ०.२३ सेकंद. बेरीज एक अख्खा ठोका. ४० मीटरवरच्याची टाळी अर्धा ठोका उशिरा, म्हणजे नेमकी दोन ठोक्यांच्या मध्ये. पन्नासेक हजार माणसं अशी वेगवेगळ्या अंतरांवरून टाळ्या देत असताना ड्रमरने कुणाचं ऐकायचं?

म्हणून कानात इन-इअर (छोटे स्पीकर) आणि त्यात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टकटक. प्रेक्षकांचा आवाज स्टेजच्या कडेला लावलेल्या माइकांवरून हवा तेवढाच कानात सोडतात. ड्रमर विल चॅम्पियन क्लिकवर वाजवतो ही लबाडी नाही, क्रिकेटच्या मैदानावर चार माणसांनी एकत्र राहण्याची किमान अट आहे ती. ‘क्लॉक्स’चा पियानो आठ स्वरांत ३-३-२ असा तुटतो. तो तुकडा ढळला की गाणं संपलंच.

आणि गाणं मध्येच थांबवणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी मुद्रित केलेला ट्रॅक गाण्याच्या खंडांप्रमाणे तोडून ठेवावा लागतो, म्हणजे चालवणाऱ्याला तो थांबवून हव्या त्या खंडापासून पुन्हा सोडता येतो, आणि टाइमकोड तिथून पुढे धावतो. शिवाय एकाच वेळी दोन यंत्रं जोडीने चालतात. पहिलं बंद पडलं की स्विचर क्षणात दुसऱ्यावर जातो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. इतकी तयारी असते तेव्हा कुठे ती तुमची ‘ठरवलेली उत्स्फूर्तता’ शक्य होते.

तिरकस_पुणेकर

गणित झकास. पण धागाकर्त्याने विचारलेला प्रश्न तो नव्हता, काका. क्लिक हवा का, हे नाही विचारलं. क्लिकवर रोज तेच का, हे विचारलंय.

पर्ल जॅम हा अमेरिकी बँड रोज गाण्यांची यादी बदलतो. इतकी, की २००० च्या दौऱ्यापासून त्यांनी एकेका मैफलीची ध्वनिमुद्रणं स्वतःच विकायला काढली आणि लोक ती घेतात, कारण कुठलीही दोन सारखी नसतात. मेटालिका या दुसऱ्या बँडने २०२३ पासूनच्या दौऱ्यात एका शहरात दोन रात्री वाजवायचं आणि एकही गाणं पुन्हा घ्यायचं नाही असा नेमच केला. मंच मैदानाच्या मधोमध, भव्यताही तीच. म्हणजे स्टेडियम आणि बदल यांचं वैर नाही.

क्लिकचा_गुलाम

मेटालिकाचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे प्रेक्षकांच्या हातात दिवे नाहीत. पट्ट्यांसह एक नवं गाणं यादीत घालायचं तर प्रकाश, पडदा, पट्टे आणि लेझर, चारही खात्यांना त्याचं वेगळं प्रोग्रॅमिंग करावं लागतं आणि मग रिकाम्या स्टेडियममध्ये तालीम. छोट्या मंचावर गाणी बदलतात ती याचसाठी, तिथे या साखळीतलं फारसं काही लागत नाही. धागाकर्त्याला तो भाग का आवडला याचं उत्तरही तेच.

आणि रोज सगळं तेच होतं हेही पूर्ण खरं नाही. नेरुळमध्ये मार्टिनने जसप्रीत बुमराहचं नाव घेऊन केलेली चेष्टा काय कोस्टा रिकात केली होती? प्रेक्षकांना कॅमेऱ्यात पकडून त्यांच्यावर जागच्या जागी गाणं रचतो तेही क्लिकशिवायच.

तिरकस_पुणेकर

म्हणजे दोन तासांत दहा मिनिटं मोकळी. आम्हीही तेच म्हणत होतो.

सबवूफर_६०

तुमचं भांडण चालू द्या. आवाजाबद्दल मात्र सगळीकडे जी परस्परविरोधी मतं वाचायला मिळाली (‘किक ड्रमची थाप छातीत बसत होती’ विरुद्ध ‘बेस नव्हताच’), त्यांतली दोन्ही खरी असू शकतात. यावर कुणी बोलत नाही.

डाव्या आणि उजव्या बाजूला सबचे (खालच्या सुरांच्या स्पीकरचे) ढीग आहेत, मध्ये २० मीटर अंतर, असं धरा. बरोबर मध्यरेषेवर दोघांचा आवाज एकाच क्षणी पोचतो आणि बेरीज होते. आता स्टेजपासून ५० मीटरवर उभे राहून मध्यरेषेपासून साडेसात मीटर बाजूला सरका. एका ढिगाचं अंतर दुसऱ्यापेक्षा सुमारे २.९ मीटर जास्त होतं. ६० हर्ट्झची लहर ५.८ मीटर लांब, म्हणजे फरक बरोबर अर्ध्या लहरीचा. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि किक गायब. दहा-बारा पावलांचा खेळ आहे हा. मधला माणूस खूश, त्याचा मित्र नाराज, आणि तिकीट दोघांचं तेच ६,४५० चं.

यावर उपाय म्हणजे सब दोन ढिगांत न ठेवता स्टेजच्या पुढे ओळीत पसरायचे, मधल्यांना विलंब शून्य आणि कडेच्यांना वाढत जाणारा, म्हणजे ध्वनीची कमान तयार होते. पण ज्या स्टेजमधून लांब रॅम्प प्रेक्षकांत शिरतो तिथे ही ओळ मध्येच तुटते. या दौऱ्याचा रॅम्प प्रेक्षकांत बराच आत जातो. देखणा आहे, पण साउंडवाल्यांचा जीव घेतो.

मागच्यांसाठी डिले टॉवर असतात, म्हणजे मैदानात उभे केलेले, मुद्दाम उशिरा वाजणारे स्पीकर. टॉवर स्टेजपासून ६० मीटरवर असेल तर त्याला १७३ मिलिसेकंद उशीर द्यायचा, वर आणखी १०–१५, म्हणजे कानाला आवाज टॉवरमधून नाही तर स्टेजवरून आल्यासारखा वाटतो. आता यात गोम अशी: दुपारी ३२ अंशांत हे जुळवलं आणि रात्री पारा २२ वर आला, तर आवाजाचा वेग कमी होतो आणि १०० मीटरला ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो. १०० हर्ट्झच्या लहरीचं अर्धं आवर्तन ५ मिलिसेकंदांचंच असतं. म्हणजे दुपारी जिथे बेरीज होत होती तिथे रात्री वजाबाकी. सूर्य मावळल्यावर कुणी तापमान पाहून आकडे सुधारले नाहीत तर मागे गढूळ ऐकू येणारच.

मध्यसप्तक

सबवूफरराव, हे फारच उपयोगी. मग छपराखालच्या वरच्या रांगांचं काय? तिथे शब्द कळत नव्हते अशी तक्रार जास्त आहे.

सबवूफर_६०

तिथे दोन गोष्टी होतात. खोल छपराखाली खालचे सूर घुमत राहतात आणि गायकाच्या आवाजावर चढतात. आणि व्यंजनं ज्या वरच्या पट्टीत असतात (२ ते ६ हजार हर्ट्झ) ती लांबवर जाताना हवेत विरतात, त्यात वारा सुटला की हेलकावतात. आवाज वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडतं. वरच्या गॅलरीसाठी छोटे वेगळे स्पीकर टांगणं हाच मार्ग, पण ते जिथे टांगायचे तिथून पडदा झाकला जातो. मग कुणाला नाराज करायचं, एवढंच ठरवायचं असतं.

जुईनगर_लोकल

एवढा काथ्याकूट वाचून दमले. लोक तिथे श्रेणीबद्ध मीमांसा करायला जातात की काय? नेरुळमध्ये बसून ‘फिक्स यू’ हजारोंच्या सुरात सूर मिसळून म्हणायला मिळालं. ध्वनिमुद्रणात ते मिळत नाही. शब्द कळले नाहीत तरी चालतंय, पाठच आहेत.

तिरकस_पुणेकर

ताई, मग पैसे प्रेक्षकांना द्यायला हवे होते, बँडला नाही.

जुईनगर_लोकल

दिलेच असते, पण प्रेक्षकांना ‘फिक्स यू’ रचता येत नाही. आणि पैशांचाच मुद्दा असेल तर २,००० ची ‘इन्फिनिटी’ तिकिटं याच बँडने ठेवली. एकाला जास्तीत जास्त दोन, जागा कुठली ते त्या दिवशी खिडकीवरच कळणार, म्हणजे काळ्या बाजाराला वाव कमी. बाकीची तिकिटं पुनर्विक्रीत लाखांच्या घरात गेली हा दोष व्यवस्थेचा. सगळी तिकिटं नावावर आणि प्रवेशाला ओळखपत्र सक्तीचं, एवढं केलं तरी बराचसा धंदा बसेल.

युनिटमोज्या

पर्यावरणाच्या बाजूवर कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. उड्या मारून वीज तयार करणारी फरशी, वीजनिर्मितीच्या सायकली आणि मैदानातले सौर पॅनेल यांतून कार्यक्रमागणिक सरासरी १७ युनिट मिळतात, असं बँडनेच २०२४ मध्ये सांगितलं होतं. छोट्या मंचापुरती वीज. घरचा दीड टनाचा एसी दोन रात्रींत तेवढी खातो. म्हणजे तो भाग बव्हंशी शोभेचा, लोकांना सामील करून घेण्यापुरता.

खरी बचत दुसरीकडे आहे: मालवाहतूक, इंधन, जनरेटरऐवजी बॅटरी. आधीच्या स्टेडियम दौऱ्याच्या तुलनेत ५९ टक्के कमी उत्सर्जन हा त्यांचा दावा याच हिशेबातला. त्यात प्रेक्षकांचा प्रवास धरलेला नाही. विमानाने अहमदाबाद गाठलेल्यांनी तो टक्का मनात वजा करून घ्यावा. पट्टे परत घेतात आणि परतीची टक्केवारी शहरानुसार पडद्यावर झळकवतात, ते मात्र चोख. शहरांची आपसांत ईर्षा लावणं भाषणापेक्षा भारी पडतं.

मध्यसप्तक

क्लिकबद्दलचा मुद्दा मान्य. माझी तक्रार आता एवढीच उरते की छोट्या मंचाची वेळ दुप्पट करायला कुठलंही गणित आड येत नाही. दहा मिनिटांची वीस करा. तिथे प्रोग्रॅमिंग लागत नाही हे तुम्हीच म्हणालात.

क्लिकचा_गुलाम

गणित नाही, पण कायदा येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री दहाला भोंगे बंद. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते, पण त्या दिवसांवर सणवारांचा हक्क आधी. दहा मिनिटं वाढवायची तर मोठ्या मंचावरची दोन गाणी कापावी लागतील. कुठली कापू सांगा?

मध्यसप्तक

२०२१ नंतरची कुठलीही दोन.

जुईनगर_लोकल

झालं! आता वीस वर्षांची पोरं येतील भांडायला. त्यांना कोल्डप्ले कळला तोच त्या गाण्यांनी.

सबवूफर_६०

पोरं यायच्या आत कामाचं सांगून टाकतो, पुढच्या कुठल्याही स्टेडियम कार्यक्रमासाठी. उभं राहायचं असेल तर मिक्सिंगच्या मांडवाच्या थोडं पुढे, आणि मध्यरेषेवर किंवा तिच्यापासून एखाद-दोन मीटरवरच. ज्याच्या हातात आवाज आहे तो जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता. बसायचं असेल तर खालच्या मजल्याच्या पुढच्या रांगा, डोक्यावर छप्पर येणार नाही अशा. या दौऱ्यासारखा मागे छोटा मंच असेल तर मैदानाचा मागचा तिसरा हिस्सा वाईट नाही, शेवटच्या भागापर्यंत कळ काढावी, बँड चालत तुमच्याकडे येतो.

आणि कानात बोळे. मेणाचे किंवा कापसाचे नकोत, त्याने वरचे सूर जातात आणि सगळं गढूळ होतं. फिल्टर असलेले, १५ ते २० डेसिबल कमी करणारे घ्या. १०० डेसिबलला कान सुरक्षित राहतो तो जेमतेम १५ मिनिटं, कार्यक्रम दोन तासांचा. लहान मुलांना बोळे पुरत नाहीत, त्यांना कान झाकणारे मफ लागतात, आणि ते घरी आधी तासभर घालून सवय लावावी लागते. नाहीतर दुसऱ्या गाण्याला काढून फेकतात.

तिरकस_पुणेकर

मध्यरेषेपासून दोन मीटर. पन्नास हजारांनी हा सल्ला वाचला तर चेंगराचेंगरीच.