मदत हवी आहे : सुका कचरा सेवाभावी संस्थेला देण्यासाठी महापालिकेशी करार कसा करावा? (नागपूर)

नमस्कार. नागपुरातील मानेवाडा भागात आमच्या ले-आउटमध्ये सुमारे १६० घरे आहेत आणि रहिवासी मंडळाच्या वतीने कचऱ्याचे काम मी पाहते. दारोदार जाऊन समजावल्यानंतर बहुतेक घरे आता ओला आणि सुका कचरा वेगळा देतात. परंतु कचरागाडीत दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे होतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या आजींनी धुऊन, वाळवून, रबर लावून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या त्यांच्या डोळ्यांदेखत संत्र्याच्या सालींवर पडल्या. तेव्हापासून त्यांनी वर्गीकरण सोडले आहे, आणि त्यांना काय सांगावे हे मला कळत नाही.

कचरावेचक महिलांसोबत काम करणारी एक सेवाभावी संस्था आमचा सुका कचरा रोज उचलण्यास तयार आहे. झोन कार्यालयात तोंडी होकार मिळतो, लेखी मात्र काही मिळत नाही. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना घरोघरच्या संकलनात सामावून घ्यावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले होते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. तेथे घरटी शुल्क आणि भंगाराच्या विक्रीचे पैसे, दोन्ही कचरावेचकांना मिळतात. आपल्याकडे संकलनाचा ठेका आधीच खासगी कंपन्यांकडे असल्यामुळे आमच्या दारातला सुका कचरा नेमका कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि ठेक्याचे पैसे वजनावर ठरत असतील तर ठेकेदार हा वाटा सुखासुखी सोडणार नाही.

महापालिका, संस्था आणि रहिवासी असा त्रिपक्षीय करार ज्यांनी केला आहे, त्यांनी सुक्या कचऱ्याच्या हक्काचे कलम कसे लिहिले, हे कृपया सांगावे. वर्गीकरणाची टिनाची शेड ले-आउटच्या मोकळ्या जागेवर उभारायची असल्यास परवानगी महापालिकेची घ्यावी की शहराच्या विकासाचे काम पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासची? ओळखपत्रे, हातमोजे आणि अपघात विम्याचा खर्च कोणी उचलला? या महिला हातांनी कचरा निवडतात, त्यामुळे वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या, लाल ठिपक्याच्या कागदी पुडीतच द्यावीत, ही अट करारात असावी असा माझा आग्रह आहे; काही रहिवाशांना ती जाचक वाटते.

कोणाकडे अशा कराराचा मराठी मसुदा असेल तर त्यातली कलमे येथे द्यावीत. मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे.