तिसऱ्याला दिलेलं मत खरंच कुणाला पाडतं का?

अनघा_मिशिगन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, आणि तोही घरच्या भांडणापायी.

2016 साली मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळून सहा महिनेही झाले नव्हते. इथलं पहिलंवहिलं मत. शाळेच्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहून मी ट्रम्प यांचा गोल सोडला, क्लिंटनबाईंचा सोडला आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांच्यासमोरचा गोल काळा केला. पेन फिरवताना कागद फाटेल की काय इतका दाबून. घरी येऊन फुशारकीने सांगितलं, तिथेच चुकलं.

ट्रम्प यांनी मिशिगन 10,704 मतांनी घेतलं. स्टाइन यांना इथे 51,463 मतं होती. माझे मोठे भाऊजी कट्टर डेमोक्रॅट. त्यांना स्वतःचा लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, पण हे दोन आकडे तोंडपाठ. दिवाळीच्या फराळाला कुणी नवीन जोडपं आलं की माझी ओळख अशी करून देतात: "या आमच्या अनघा. ट्रम्पना यांनीच आणलं." सगळे हसतात. मीही हसते. आठ-नऊ वर्षं हसतेच आहे.

2024ला निमूटपणे डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना मत दिलं. त्या मिशिगनमध्ये 80 हजारांहून जास्त मतांनी हरल्या, आणि या खेपेला स्टाइन यांची सगळी मतं त्यांच्या पारड्यात टाकली असती तरी ती तूट भरून निघत नव्हती. त्यावर भाऊजींनी चकलीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला.

तर प्रश्न असा: तिसऱ्या पक्षाचा उमेदवार मतं खातो म्हणून मोठ्या पक्षाचा पडतो, हे खरं किती आणि सोयीचं किती? मला आकड्यांत उत्तर हवंय. भाऊजींना भावना चालत नाहीत.

खवचट

51 हजारांतून 10 हजार वजा होतात की नाही? होतात. भाऊजी बरोबर. धागा बंद करा.

फ्लोरिडाकाका

खवचटराव, थांबा जरा. मी 2000 सालच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत होतो. ती मतपत्रिका अजून डोळ्यांसमोर आहे. पुस्तकासारखी दोन पानं, दोन्हीकडे नावं आणि भोकं मात्र मधोमध एका रांगेत. पंख पसरल्यासारखी दिसते म्हणून तिला 'फुलपाखरू मतपत्रिका' म्हणतात. डाव्या पानावर पहिले रिपब्लिकन बुश, त्यांच्या खाली डेमोक्रॅट गोर. म्हणजे गोर दुसरे, तर माणूस दुसरंच भोक टोचणार ना? पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या रिफॉर्म पार्टीच्या, कट्टर उजव्या पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. मी स्वतः टोचणी दुसऱ्यावर टेकवली होती. मग बारीक बाण दिसला आणि हात मागे घेतला. माझ्या मागे रांगेत बहुतेक ऐंशीच्या घरातली मंडळी, चष्मे सावरत उभी.

ब्युकॅनन यांना आमच्या एका काउंटीत 3,407 मतं पडली. यातली बरीचशी आपली नसावीत, असं ते स्वतःच म्हणाले. आणि अख्ख्या राज्याचा निकाल, म्हणजे पर्यायाने देशाचा निकाल, बुश यांच्या बाजूने लागला 537 मतांवर.

लोक मात्र शिव्या घालतात ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना, कारण फ्लोरिडात त्यांची मतं 97,488. ठीक आहे. पण त्याच मतपत्रिकेवर सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे जेम्स हॅरिस होते. त्यांना मतं 562. तीही 537 पेक्षा जास्तच! त्यांच्या नावाने कुणी कधी बोटं मोडलेली ऐकलीत?

खवचट

काका, फ्लोरिडा बाजूला ठेवू. न्यू हॅम्पशायर घ्या. तिथे बुश 7,211 मतांनी जिंकले आणि नेडर यांना 22 हजार. तिथली 4 इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याची ठरलेली मतं, देशभरात 270 मिळाली की राष्ट्राध्यक्ष) मिळाली असती तर गोर यांना फ्लोरिडाची गरजच नव्हती. तिथे कुठलं फुलपाखरू नव्हतं.

आकडेमोड्या

आता बोलावंच लागेल. :)

"तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणून त्यानेच पाडलं" या हिशोबात एक गोष्ट गुपचूप धरलेली असते: ती सगळी मतं एकाच बाजूची उधारी होती. न्यू हॅम्पशायरचंच बघा. 22 हजारांतून 7,211ची निव्वळ आघाडी निघायला, नेडरवाले एकूण एक घराबाहेर पडले असते असं धरलं तरी तिनातल्या दोघांनी गोरना मत द्यायला हवं होतं. अशक्य नाही. मी म्हणेन, तिथे खवचट यांच्या म्हणण्यात दम आहे. पण त्याच वर्षी ब्युकॅनन यांनी उलट्या बाजूने काय केलं तेही मोजा. न्यू मेक्सिको, विस्कॉन्सिन, आयोवा आणि ओरेगॉन ही चारही राज्यं गोर यांनी निसटती जिंकली, आणि चारही ठिकाणी ब्युकॅनन यांची मतं त्या फरकापेक्षा जास्त. न्यू मेक्सिकोत तर फरक 366चा. चारही मिळून 30 इलेक्टोरल मतं. नेडर यांच्या वहीत लिहायचं तर ब्युकॅनन यांच्याही वहीत लिहा.

2020 तर फारच गमतीचं. जॉर्जिया, ॲरिझोना, विस्कॉन्सिन या तिन्ही ठिकाणी लिबर्टेरियन जो जॉर्गेन्सन यांची मतं बायडन यांच्या आघाडीपेक्षा जास्त. जॉर्जियात आघाडी 11,779, जॉर्गेन्सन यांना 62 हजार. भाऊजींच्या पद्धतीने ती सगळी मतं ट्रम्प यांची धरली तर ही तिन्ही राज्यं पलटतात आणि निकाल होतो 269-269. बरोबरी! हे भाऊजींना मान्य आहे का, एवढं विचारून या.

आता अनघाताईंचं 2016. मिशिगनची इलेक्टोरल मतं 16. ट्रम्प यांनी राज्याराज्यांतून जिंकली 306 (नंतर प्रत्यक्ष मत देणारे दोन प्रतिनिधी फुटले ते सोडा). 16 गेली तरी 290, म्हणजे 270च्या पुढेच. क्लिंटन यांना मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया तिन्ही हवी होती, एकही सोडून चालत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात फरक 44,292 आणि स्टाइन यांची मतं 49,941. कागद-पेन घ्या: ही आघाडी पुसायला स्टाइनच्या दर 100 मतदारांपैकी 94 जणांनी क्लिंटनना मत द्यायला हवं होतं, आणि घरी कुणीही बसायचं नाही. ग्रीन पार्टीला मत देणाऱ्या 100 माणसांचं जेवायला काय मागवायचं यावरसुद्धा एकमत होणार नाही.

आणि हो, मिशिगनमध्ये लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांना 1,72,136 मतं होती. स्टाइनच्या तिप्पट. ती भाऊजींच्या हिशोबात कुठे जमा आहेत?

खवचट

94चं मान्य. पण 1912चं काय? थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्ष सोडून उभे राहिले, 27 टक्के घेऊन गेले, रिपब्लिकन टाफ्ट यांच्या वाट्याला फक्त दोन राज्यं, आणि डेमोक्रॅट विल्सन 42 टक्क्यांत राष्ट्राध्यक्ष. एकाच घरची मतं दोघांत वाटली गेली, दुसरं काय?

आकडेमोड्या

तिथे वाद नाही. माजी राष्ट्राध्यक्ष स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभा राहिला तर मतं कुठून आली ते उघड आहे. पण अपक्ष रॉस पेरो यांचं उदाहरण देऊ नका, आधीच सांगतो. 1992ला जवळपास 19 टक्के मतं, इलेक्टोरल मत एकही नाही, आणि मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तर त्यांचे मतदार बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळजवळ निम्मे-निम्मे. तरी अजून लोक म्हणतात पेरोंनी थोरल्या बुशना पाडलं.

पाइनवृक्ष

मेन राज्यातून लिहितोय. आमच्याकडे 2010ला गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन लपाज 38 टक्क्यांच्या आत जिंकले. दुसरे आले अपक्ष एलियट कटलर, सुमारे 36 टक्के. डेमोक्रॅट लिबी मिचेल तिसऱ्या, 19 टक्के. आता सांगा, मतं कुणी कुणाची खाल्ली? अपक्षाला पाडलं ते मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने! पण "मतं खाणारा" हा शिक्का बिचाऱ्या अपक्षालाच.

त्या चिडचिडीला 2016च्या सार्वमतात वाट मिळाली. आता केंद्रीय निवडणुकांत पसंतीक्रम लावायचा: पहिला, दुसरा, तिसरा. शेवटचा बाद झाला की त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे. 2018ला संसदेच्या निवडणुकीत आमच्या दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन पॉलिक्विन पहिल्या फेरीत सुमारे 2,000 मतांनी पुढे होते. दोन अपक्षांची मतं वाटल्यावर डेमोक्रॅट गोल्डन जिंकले. अपक्षांचे मतदार कुणाचे, हा अंदाज बांधायचा प्रश्नच नाही, त्यांनी स्वतः लिहून दिलेलं.

(अवांतर: हाही रामबाण नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये अलास्कातल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन बेगिच आधी बाद झाले. समोरासमोर लढत असती तर त्यांनी जिंकलेल्या डेमोक्रॅट पेल्टोलांना हरवलं असतं, हे त्याच मतपत्रिकांतून दिसतं. तिथे खेळ बिघडवला दुसऱ्या रिपब्लिकन सेरा पेलिन यांनी, आणि त्या तर मोठ्या पक्षाच्याच.)

फ्लोरिडाकाका

अनघाताई, एक विचारू का? त्या दिवशी स्टाइन यांचं नाव कागदावर नसतंच, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. भाऊजी इथे नाहीत.

अनघा_मिशिगन

काका, दोन दिवस यावर विचार केला. क्लिंटनबाईंचा गोल मी भरला नसता. ट्रम्प यांचा तर नाहीच. ती ओळ कोरी सोडून खालच्या जज आणि शाळा मंडळाच्या नावांवर गेले असते.

मग शोधत बसले तर सापडलं, की त्या वर्षी मिशिगनमध्ये जवळपास 75 हजार लोकांनी नेमकं हेच केलं. मतदानाला आले, कागद भरला आणि राष्ट्राध्यक्षाची जागा मोकळी ठेवली. फरकाच्या सातपट! त्यांचं नाव आमच्या फराळात कुणी काढत नाही.

पेनसिल्व्हेनियाचं 94 एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. भाऊजी शनिवारी येताहेत.

खवचट

शनिवारनंतर धागा वर आणा.